धाकट्या बाईंची खिडकी

भर दुपारी मोकळ्या वाळूत एक माणूस स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसला होता.

आजूबाजूला काही नाही. घर नाही, झाड नाही, छत्रीसुद्धा नाही. समोर समुद्र, मागे उंच गवत आणि मध्ये हा... अंगात कोट, गळ्यात टाय, पाय मात्र अनवाणी. थोडा वेळ समुद्राकडे बघायचा, उठायचा, खुर्ची चार पावलं डावीकडे न्यायचा आणि पुन्हा तितक्याच गंभीरपणे बसायचा.

मी बंदराच्या कचेरीतली फुटकी काच बदलून घरी निघाले होते. वाळूच्या त्या पट्ट्यात सायकल चालत नाही, ढकलावी लागते. त्यामुळे कोणाकडे बघत रेंगाळलं तरी संशय येत नाही.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"हो," तो मान न वळवता म्हणाला. "बैठकीची खोली."

"सापडली?"

"इथेच कुठेतरी आहे. सकाळपासून शोधतोय." मग त्याने वळून पाहिलं. उन्हाने डोळे बारीक झालेले, नाकाचा शेंडा लाल. "तुमची उंची किती?"

अनोळखी मुलीला उंची विचारणारा माणूस एक तर शिंपी असतो, नाहीतर आगाऊ. याच्या गळ्यात टायच्या जोडीला मोजायची टेपही होती, म्हणून मी त्याला संशयाचा फायदा दिला.

"का बरं?"

"ज्यांच्यासाठी हे घर बांधतोय त्या साधारण तुमच्याएवढ्या आहेत. जरा बसता का? मला इथून वाळूच्या उंचवट्यापलीकडचं पाणी दिसतं. त्यांना दिसेल की नाही, कळत नाहीये."

मी सायकल आडवी टाकली आणि बसले. का बसले ते आजही सांगता येणार नाही. त्याने विचारलं मात्र असं होतं की 'नाही' म्हणणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारण्यासारखं वाटलं.

"दिसतं?"

"दिसतं. पण संध्याकाळी इथे बसलं तर डोळ्यांत वाळू जाईल."

"मध्ये काच असेल ना." तो उत्साहाने चालत सुटला, बारा फुटांवर थांबला आणि दोन्ही हात पसरले. "इथून इथपर्यंत. एकसंध. मध्ये एक दांडीसुद्धा नाही. माणूस आणि समुद्र — बस."

मला हसू आलं. आवरलं नाही.

"हसलात का?"

"काही नाही. इथल्या वाऱ्याची आणि तुमची अजून ओळख झालेली नाही, म्हणून." मी सायकल उचलली. "होईल हळूहळू."

त्याचं नाव मी विचारलं नाही. मनातल्या मनात त्याला 'खुर्चीवाला' म्हणत घरी आले, आणि जेवताना उगाचच दोनदा हसले. बाबांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "ठसका लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दुकानात उभा होता.

आमचं दुकान काचेचं. पुढे गल्ला, भिंतीवर आरसे, कोपऱ्यात तसबिरींच्या चौकटी. मागे एक जाड तपकिरी पडदा आणि पडद्यामागे काच कापायचं लांबलचक टेबल. गिऱ्हाईक यायचं, बाबा माप लिहून घ्यायचे आणि पडद्यामागे जायचे. आतून हिरकणीचा तो बारीक, सलग आवाज यायचा... हिरकणी म्हणजे काच कापायची लेखणी, टोकाला हिऱ्याचा कण बसवलेली. आणि बाबा कापलेली काच घेऊन बाहेर यायचे. गावातला प्रत्येक कंत्राटदार म्हणायचा, "हात असावा तर काचवाल्यांसारखा."

तो हात दोन वर्षांपासून माझा होता. बाबांच्या हातांना कंप सुटला होता. काचेवर रेघ एकदाच मारायची असते. सलग, एका दमात. ती गिरवता येत नाही. थरथरता हात तिथे चालत नाही. काच बसवायला मी उघड जायचे, पण मुलीने कापलेली काच कोणी घेईल का, या भीतीने आम्ही दोघांनी, एक शब्दही न बोलता, तो पडदा लावून टाकला होता.

खुर्चीवाल्याने गल्ल्यावर नकाशा उलगडला, मान वर केली आणि मला पाहिलं.

"अरे... तुम्ही."

बाबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओळख आहे वाटतं?"

"काल या माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन गेल्या," तो म्हणाला.

"वाळूत, बाबा," मी घाईघाईने म्हटलं. "खोली वाळूत होती. म्हणजे खोली नव्हतीच. खुर्ची होती."

"आता सगळं स्पष्ट झालं," बाबा म्हणाले आणि नकाशावर वाकले.

तो आर्किटेक्ट होता. मोठ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीत त्याने सहा वर्षं जिने काढले होते. दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने, कठडे आणि न्हाणीघरं. एक दिवस तो नोकरी सोडून इथे आला. का, असं विचारलं तर म्हणायचा, "सहा वर्षं चढतच होतो. म्हटलं, कुठेतरी पोचू या." शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत त्याने बिऱ्हाड केलं. युद्ध संपून दहा वर्षं झाली होती, लोक पुन्हा घरं बांधायला लागले होते, आणि त्याला समुद्राकाठी नव्या तऱ्हेची घरं बांधायची होती. बुटकी, हलकी, लाकडाची आणि काचेची. त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मोठ्या बाई. त्या आणि त्यांची धाकटी बहीण, अशा दोघीच. धाकट्या बाईंच्या कमरेखालचं बळ सात वर्षांपूर्वीच्या आजारात गेलं होतं. दिवसाचा बराच वेळ पलंगावर, थोडा चाकाच्या खुर्चीत. दोघींनी जन्मभराची शिल्लक त्याच्या हातात ठेवली होती आणि धाकट्या बाईंनी एकच अट घातली होती... पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे.

"बारा बाय आठची एक काच?" बाबा नकाशा बाजूला सारत म्हणाले. "नाही बसणार."

"शहरात बसवतात."

"शहरात वारा इमारतींना विचारून येतो," मी म्हणाले. "इथे थेट पाण्यावरून येतो. मागच्या वर्षी वादळात गावातल्या क्लबाची सहा फुटी काच फुटली, आणि तिथली टेनिसची जाळी उडाली ती सापडली तीन दिवसांनी. तुमच्या खिडकीजवळ तर माणूस झोपणार आहे."

त्याने नकाशा पुन्हा समोर ओढला. मग हट्टाने म्हणाला, "दांडी घातली तर समुद्राचे तुकडे होतील."

"नाही घातली तर काचेचे होतील."

त्याने नकाशा गुंडाळला आणि गेला. बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक घालवलंस." पण त्यांच्या आवाजात राग नव्हता.

तिसऱ्या दिवशी वादळ नव्हतं, नुसता वाऱ्याचा दिवस होता. संध्याकाळी तो परत आला तो केसांत, कानांत, भुवयांत वाळू घेऊन. गल्ल्यासमोर उभा राहून म्हणाला, "ओळख झाली."

"कशी वाटली मंडळी?"

"रागीट आहेत. खुर्ची उडवली माझी." मग हळूच, "तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण दांडी नेमकी धाकट्या बाईंच्या डोळ्यांसमोर आली तर मी तोंड कुठे लपवू? मला मदत कराल?"

चूक इतक्या सहज कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या हातातला फडका उगाच त्याच त्याच आरशावरून फिरत राहिला.

मग सुरू झाले ते दिवस. घराचा सांगाडा उभा राहिला होता, छत पडलं होतं, समुद्राकडची बाजू तेवढी उघडी. सुतारकाकांनी दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून धाकट्या बाईंच्या पलंगाइतका उंच ओटा केला आणि मी त्यावर उताणी पडले, डोक्याखाली घडी घातलेला माझाच स्वेटर.

"क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला असतं," तो सांगत होता. "आपण उठलो की तेही उठतं. आपण आडवे झालो की तेही खाली येतं."

"फारच आज्ञाधारक आहे."

"म्हणूनच दांडी कुठे घालायची नाही ते आधी ठरवायचं. एक तुमच्या या उंचीला नको. एक चाकाच्या खुर्चीच्या उंचीला नको. आणि मोठ्या बाई उभ्या राहतील तिथे नको. डोळे मिटू नका, मोजायचंय."

"ऊन येतंय."

"मग मी आड उभा राहतो."

तो सरकला. त्याची सावली माझ्या चेहऱ्यावर आली आणि टेपचं गार टोक कानाला लागलं. तो वाकला होता. त्याच्या बाहीला लाकडाच्या भुशाचा आणि पेन्सिलीचा वास होता. मी क्षितिजाकडे बघायचं सोडून... जाऊ दे.

"किती आलं साहेब?" खालून सुतारकाकांनी विचारलं.

टेप तशीच ताणलेली राहिली.

"साहेब, किती?"

"हां... दोन फूट आणि... थांबा, पुन्हा मोजतो."

"मोजा, मोजा," काका रंध्याला म्हणाले. "तिसरी खेप आहे. फळी काही पळून जात नाही."

शेवटी ठरलं. एक आडवी दांडी जमिनीपासून दोन फुटांवर, दुसरी साडेसहा फुटांवर. उभ्या दांड्या चार-चार फुटांवर. मधल्या साडेचार फुटांत दोघींची तिन्ही क्षितिजं मावली. मी सांगितलं, चौकटीत काच ठासून बसवायची नाही. खाऱ्या हवेत लाकूड फुगतं, म्हणून चारी बाजूंना जरा फट सोडायची आणि ती लांबीने, म्हणजे काच बसवायच्या लुकणाने, भरायची. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाला, "कोणाकडून काय शिकलो ते लिहून ठेवतो. सहा वर्षांच्या वहीत चार नावं आहेत."

मधल्या काचा कापायच्या दिवशी तो घाईत एक सुधारलेलं माप घेऊन आला. बाबा गल्ल्यावर नव्हते. आतून आवाज येत होता, म्हणून त्याने सरळ पडदा सारला.

बाबा स्टुलावर बसले होते, हात मांडीखाली दाबून. मी टेबलावर वाकून रेघ ओढत होते. अर्ध्यात थांबता येत नाही. मी थांबले नाही. रेघ टोकापर्यंत नेली, काच टेबलाच्या काठावर घेतली, खालून हलकी टिचकी दिली. टक्. सरळ दोन भाग.

मग वर पाहिलं. तो दारात तसाच उभा होता, तोंड किंचित उघडं.

"बघून झालं असेल तर पडदा ओढा," मी म्हटलं.

त्याने ओढला. त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, समजलं त्याला. त्याला मात्र वेगळंच समजलं होतं.

खिडकी बसली. धाकट्या बाईंना आणलं, पलंगावर निजवलं. त्यांची नजर काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. तो दाराशी उभा राहून स्वतःची टाय पिळत होता. मग धाकट्या बाई म्हणाल्या, "ताई, तो बघ एक बगळा. सात वर्षांत मी छताखेरीज काही बघितलं नाही, आणि हा मेला पाठ करून उभा आहे."

मोठ्या बाई चहा आणायच्या निमित्ताने आत गेल्या आणि खूप वेळाने, डोळे पुसून, चहा न घेताच बाहेर आल्या.

परत येताना सायकल त्याने धरली होती. वाटेत तो म्हणाला, "हे घर माझं एकट्याचं नाही."

"अर्थात. दोघी बाईंचं आहे."

"तसं नाही..." तो थांबला. मीही थांबले. वारा पडला होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमकी सायकलची साखळी निसटली. तो साखळी बसवत राहिला. हात काळे झाले, बोलणं राहून गेलं.

दोन महिन्यांनी तो दुकानात आला तो उड्या मारायचाच बाकी होता. हातात एका मासिकाच्या दोन प्रती. घरांविषयीचं मोठं मासिक, शहरात निघणारं. पहिल्या पानावर धाकट्या बाईंची खिडकी. आत त्याची मुलाखत.

"तिसरा परिच्छेद वाचा," तो म्हणाला.

मी वाचला. त्यात लिहिलं होतं की या घराची काच एका तेवीस वर्षांच्या मुलीने कापली आहे. वडिलांच्या हातांना कंप असल्यामुळे गेली दोन वर्षं दुकानातलं सगळं काम तीच करते, आणि असा हात मी दुसरा पाहिला नाही. माझं नाव होतं. दुकानाचं होतं. बाबांचं होतं.

बाबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. चष्मा काढला, मिटला आणि पडद्यामागे निघून गेले.

"तुम्हाला आवडलं नाही?" त्याचा चेहरा उतरला होता. "तुम्ही पडद्यामागे का राहायचं? लोकांना कळायला हवं—"

"तू विचारलंस मला?"

तोवर आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होतो. तो 'तू' माझ्या तोंडून कसा गेला, कळलं नाही.

"ते माझं नाव होतं. ते हात माझ्या बाबांचे होते. पलंगाची उंची तीन-तीनदा मोजतोस, आणि हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

तो उभा राहिला. मग मासिक गल्ल्यावर ठेवायला गेला, पुन्हा उचललं, आणि गेला.

महिन्याभरात दोन कंत्राटदारांनी काम काढून घेतलं. एक तर फार गोड बोलला. "तुमच्यावर अविश्वास नाही हो, पण... शेवटी जोखमीचं काम." बाबांचं जेवण कमी झालं. खुर्चीवाल्याची चिठ्ठी आली, चारच ओळी. 'मी चुकलो. चांगलं करतोय असं वाटलं, आणि वाटलं म्हणून केलं. मासिकामुळे शहरात एका हॉटेलचं काम मिळालं आहे. तुम्ही बोलावल्याशिवाय तोंड दाखवणार नाही.'

आणि मी काही बोलावणार नव्हते. माझा स्वभाव काचेसारखाच आहे, एकदा रेघ पडली की पडली.

एका सकाळी खाली आले तर बाबा स्टुलावर चढून पडदा काढत होते. हात थरथरत होते, पडद्याच्या कड्या खुळखुळत होत्या.

"बाबा, पडाल."

"पडलो तर पडलो. चाळीस वर्षं लोकांना आरपार दिसणारा माल विकला, आणि स्वतःच्या दुकानात पडदा लावून बसलो." ते खाली उतरले, धापा टाकत. "टेबल पुढे घे. उजेडात."

"त्याने न विचारता छापलं, बाबा."

"गाढव आहे तो. पण खोटं काही छापलं नाही."

टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी आलं. पहिल्याच दिवशी मोठ्या बाई विणकाम घेऊन आल्या, नको असलेला एक आरसा सांगितला आणि दिवसभर दारात खुर्ची टाकून बसल्या. तो गोड बोलणारा कंत्राटदार समोरून चालला होता, त्याला त्यांनी हाक मारून थांबवला. "इकडे ये. ही काच कशी कापते बघ." तो बिचारा बघत उभा राहिला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "पाढे मी शिकवलेत त्याला. सत्तावीसचा अजून येत नाही, आणि हा तुझा हात तपासणार."

लोक थांबायला लागले, बघायला लागले. मग कामं आली, हळूहळू, एकेक. आठ महिन्यांनी आमच्याकडे आधीपेक्षा जास्त काम होतं, आणि माझ्याकडे मात्र कशात लक्ष नव्हतं. शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने देणे आहे, अशी पाटी लागली होती. मी त्या रस्त्याने जायचं सोडलं होतं.

अशातच धाकट्या बाईंची चिठ्ठी आली. 'खिडकीतून पाणी येतंय. शुक्रवारी दुपारी ये. हत्यारं आण.'

शुक्रवारी भुरभुर पाऊस होता. मी लांबीचा डबा घेऊन गेले. मोठ्या बाईंनी दार उघडलं आणि "मी जरा चहाचं बघते" म्हणून त्या आत गेल्या. धाकट्या बाई गाढ झोपल्या होत्या. श्वास अगदी नियमित. जरा जास्तच नियमित.

आणि खिडकीशी गुडघ्यांवर बसून, कोट भिजलेला, तो चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत होता.

त्याने मान वळवली.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

"असणारच. मी बसवली आहे."

"मला तार आली. 'खिडकी धोक्यात, ताबडतोब या.'" त्याने खिशातून ओला कागद काढला. "मला बसमध्येच कळलं होतं. तुम्ही बसवलेल्या काचेला काही होणार नाही. तरी उतरलो नाही."

मी डबा खाली ठेवला. "हॉटेल कसं झालं?"

"एकशे चाळीस खोल्या. सगळ्यांना एकच खिडकी. मी विचारलं, इथे झोपणार कोण? साहेब म्हणाले, जो येईल तो. मग सरासरी माणसाच्या डोळ्यांची उंची धरली." तो कसनुसं हसला. "असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण साहेब खूश आहेत. परदेशात आणखी तीन हॉटेलं बांधायची आहेत. सोमवारपर्यंत कळवायचंय."

मी वाकून लांबीच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. "चांगलं आहे की."

"चांगलं आहे," तो म्हणाला. मग उठून माझ्यासमोर उभा राहिला. बाहीला अजूनही पेन्सिलीचाच वास होता. "आधी एक राहिलंय. मी विचारायला हवं होतं. तुम्हाला, आणि बाबांना. माझ्या मनात इतकं होतं तुमच्याबद्दल... ते तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून जगाला सांगून बसलो. सोपं पडलं ते. भोगलंत तुम्ही."

हे मला अपेक्षित नव्हतं. "बाबांनी पडदा काढला," मी एवढंच म्हणाले.

"येताना दुकानात गेलो होतो. पाहिलं. त्यांची माफी मागितली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'गाढव आहेस.' मग म्हणाले, 'ती बाईंकडे गेली आहे, वाटेत रेंगाळू नकोस.'"

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरले, त्यामुळे मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर समुद्र राखाडी, पावसाच्या रेघांनी भरलेला.

"मला एक विचारायचंय," तो मागून म्हणाला.

"विचारा."

"विचारू का, हे आधी विचारतोय. आता मी सगळं आधी विचारतो. हॉटेलवर लोक वैतागले होते."

"विचारा म्हटलं ना."

"त्या दिवशी तुम्ही मला 'तू' म्हणालात. रागात का होईना. ते... पुन्हा म्हणाल का?"

मी वळले. तो इतका जवळ असेल असं वाटलं नव्हतं. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते.

"आणि?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता.

"आणि सोमवारी मी 'नाही' कळवणार आहे. ते तुमच्यावर नाही, ते माझं ठरलंय. मला माणसं मोजूनच घरं बांधता येतात. पण इथे राहायचं तर... एकट्याने राहायचं की..." तो अडखळला. "लग्न कराल माझ्याशी? घाई नाही. विचार करा. मी बाहेर थांबतो हवं तर."

मी त्याच्या ओल्या बाहीला हात लावला आणि ओठ हलवले. त्याला कळलं. त्याचा चेहरा असा काही उजळला की—

"मोठ्याने बोला जरा," पलंगावरून आवाज आला. धाकट्या बाईंचे डोळे अजून घट्ट मिटलेले होते. "प्रश्न नीट ऐकू आला. उत्तर नाही आलं."

आतल्या खोलीत कपबशी आपटल्यासारखी वाजली. मोठ्या बाईही चहाचं बघत नव्हत्या.

"हो," मी मोठ्याने म्हणाले. "हो म्हणाले मी त्याला. चहात दोन चमचे साखर घालते का विचारत होता."

"तू खोटं फार वाईट बोलतेस," धाकट्या बाई म्हणाल्या. "ताई, चार कप आण."

ती तीन हॉटेलं दुसऱ्या कोणीतरी बांधली. चांगली झाली असं ऐकते. याने या किनाऱ्यावर तीस वर्षांत सतरा घरं बांधली, एकही दुसऱ्यासारखं नाही. दोनांना पारितोषिकं मिळाली. एक समुद्राने नेलं, त्या वेळी तो आठवडाभर बोलला नाही, आणि आठव्या दिवशी त्याच माणसाला त्याने शंभर फूट मागे नवं घर काढून दिलं. गिऱ्हाईक आलं की आजही आधी त्याला फळीवर निजवतो. काही जण ओशाळून निघून जातात. राहतात त्यांना घर मिळतं. काच आमच्याच दुकानातून जाते, आणि प्रत्येक नकाशावर खाली दोन नावं असतात. दुसरं लिहिण्याआधी, दर वेळी, तो पेन थांबवून विचारतो, "घालू का तुझं नाव?"

आणि मी दर वेळी आधी काच कुठे बसणार आहे ते बघते, मगच हो म्हणते.